दलदलीत कोणी राहायचे?

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याचे दक्षिण टोक ही एक अफाट दलदल आहे. ओकीचोबी सरोवरातून उतू गेलेले पाणी पूर्वी पन्नास-साठ मैल रुंदीच्या, कोठे घोटाभर तर कोठे कमरेइतक्या खोल अशा संथ प्रवाहाने समुद्राकडे सरकत असे. कालव्यांनी आणि बांधांनी आज त्याचा मोठा भाग अडवला आहे. तरीही जी दलदल उरली आहे ती पाहणाऱ्यास थक्क करील एवढी आहे. करवतीच्या पात्यासारखे गवत, पाण्यात पाय रोवून उभी असलेली सायप्रस वृक्षांची बने, आणि जेथे हातभर उंचवटा असेल तेथे दाट झाडीची बेटे. या प्रदेशाच्या वायव्येकडील भाग 'बिग सायप्रस' या नावाने राखीव आहे, तर दक्षिणेकडे एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यान पसरले आहे.

या दोन्ही ठिकाणी हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत शहरी माणसे तंबू घेऊन मुक्कामाला जातात. बेअर आयलंड, मिचेल लँडिंग अशी त्या आडवाटेच्या तळांची नावे. वीज नाही, नळ नाही. पिण्याचे पाणी घरून न्यावे, केरकचरा परत आणावा, डास, चिखल आणि मगरी यांचे ज्याचे त्याने पाहून घ्यावे, असा हा प्रकार. त्याला तेथील उद्यान खाते 'प्रिमिटिव्ह कॅम्पिंग' म्हणते. आदिम मुक्काम, असे त्याचे मराठी करावे लागेल. आदिम हा शब्द येथे स्तुतीचा आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. मियामीतील वातानुकूलित कचेरीतून दोन दिवस सुटका करून घेणाऱ्याला आदिम होणे परवडते, कारण सोमवारी सकाळी त्याला पुन्हा अर्वाचीन होता येते. ज्यांना असे परत जाता येत नाही, त्यांचे त्याच दलदलीत, त्याच रस्त्याच्या काठी काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

पक्षाच्या साप्ताहिकात अमेरिकेतील तंबूंची ही उठाठेव कशाला, असे काही साथी विचारतील. निसर्गात मुक्काम म्हणजे खुशालचेंडूंचा छंद, त्याचा कष्टकऱ्यांच्या लढ्याशी काय संबंध, असा एक सूर आपल्यात नेहमीच निघतो. तो मला मान्य नाही. बिग सायप्रसची सुमारे सात लाख एकर जमीन कोणा जमीनदाराची नाही, कोणा हॉटेल कंपनीची नाही. ती सार्वजनिक मालकीची आहे आणि तेथे ट्रक चालवणारा व बँक चालवणारा सारख्याच चिखलात सारख्याच शुल्काने तंबू ठोकू शकतो. खाजगी मालकीची पूजा करणाऱ्या देशात एवढी भूमी बाजाराबाहेर राहिली, ही सामान्य गोष्ट नव्हे. छंदाला नाक मुरडण्यापूर्वी ही जमीन सार्वजनिक कशी राहिली आणि ती सार्वजनिक होताना 'सार्वजनिक' या शब्दातून कोणाला वगळले गेले, हे दोन्ही प्रश्न विचारले पाहिजेत.

एव्हरग्लेड्सच्या आतल्या भागात कोरडी जमीनच नाही. म्हणून होडीने जाणाऱ्या प्रवाशांसाठी उद्यान खात्याने पाण्यात खांब रोवून छपराचे लाकडी मचाण उभारले आहेत. त्यांना 'चिकी' म्हणतात. (आपल्या लोणावळ्याच्या चिक्कीशी याचे नाते नाही.) तो मिकोसुकी भाषेतला, घर या अर्थाचा शब्द आहे. सायप्रसचे खांब, ताडासारख्या पानांचे छप्पर, जमिनीपासून उचललेला तक्तपोस, भिंती नाहीत. हौशी प्रवासी अशा मचाणावर रात्र काढतो आणि आदिवासी जीवनाची चव घेतल्याचे समाधान बाळगतो. पण सेमिनोल आणि मिकोसुकी लोकांनी हे बिनभिंतीचे घर सौंदर्यदृष्टीने शोधलेले नाही. अमेरिकन फौजा पाठीवर असताना झटपट उभारता यावे आणि तितक्याच झटपट सोडून जाता यावे, यासाठी ते एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. चिकी ही पळणाऱ्या माणसाची वास्तू आहे.

ही फौज का आली होती? १८३० साली अमेरिकन काँग्रेसने आग्नेयेकडील मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हाकलण्याचा कायदा केला. फ्लोरिडातील सेमिनोलांनी जाण्यास नकार दिला. १८३५ ते १८४२ असे सात वर्षे युद्ध चालले आणि सुमारे पंधराशे अमेरिकन सैनिक मेले, त्यांतील बहुतेक रोगराईने. ओसिओला या सेमिनोल नेत्याला १८३७ साली तहाच्या पांढऱ्या निशाणाखाली बोलावून पकडण्यात आले आणि पुढील जानेवारीत तो कैदेत मेला. तीन हजारांहून अधिक माणसे पश्चिमेकडे नेण्यात आली. १८५८ साली तिसरे युद्ध संपले तेव्हा दक्षिणेच्या दलदलीत दोन-तीनशे जीव उरले होते. शरणागतीच्या कागदावर सही न करता उरले होते, हे महत्त्वाचे. आजचे फ्लोरिडातील सेमिनोल आणि मिकोसुकी हे त्यांचे वंशज.

या युद्धाला आणखी एक बाजू होती. जॉर्जियाच्या मळ्यांतून पळालेले काळे गुलाम सेमिनोलांच्या आश्रयाला आले होते व त्यांच्या खांद्याला खांदा लावून लढत होते. हे युद्ध इंडियनांपेक्षा निग्रोंचे आहे, असे खुद्द जनरल जेसपने वरिष्ठांना कळवले होते. मळेवाल्यांना जमीन हवी होती, पण त्याहून अधिक बंद करायची होती ती पळवाट. उत्तरेस व्हर्जिनिया व नॉर्थ कॅरोलिना यांच्या सीमेवरील 'ग्रेट डिस्मल' दलदलीतही पळालेले गुलाम पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करून राहिले होते. तेथील उंचवट्यांवरच्या त्यांच्या वस्त्यांचे अवशेष पुरातत्त्वज्ञांनी उकरून काढले आहेत. घोडा जेथे रुतत होता, तोफ जेथे ओढता येत नव्हती, तेथे माणसाला माणूस म्हणून राहता येत होते. अमेरिकेच्या इतिहासात दलदल ही स्वातंत्र्याची भूमी होती, ती तिच्या गैरसोयीमुळे.

आता कायद्याकडे पाहू. १९६४ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ज्या अरण्यसंरक्षण कायद्यावर सही केली, त्यातील व्याख्येचा आशय असा की, अरण्य म्हणजे जेथे माणूस हा पाहुणा असतो, कायमचा राहणारा नसतो. व्याख्या वरवर पाहता विनम्र वाटते. निसर्गापुढे माणसाने पाहुण्यासारखे वागावे, यात गैर काय? गैर एवढेच की, जी भूमी या व्याख्येत बसवायची तेथे राहणारा कोणी असल्यास तो व्याख्येत बसत नाही. मग व्याख्या बदलायची की माणूस हलवायचा? एव्हरग्लेड्समध्ये याचे उत्तर कायदा होण्यापूर्वीच देऊन झाले होते. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्ते उद्यानाचे उद्‌घाटन झाले, तेव्हा उद्यानाच्या हद्दीत वस्ती करणाऱ्या मिकोसुकींना उत्तर कडेला, टॅमियामी ट्रेल या महामार्गालगतच्या पट्टीत सरकावले गेले. पुढे त्याच उद्यानातील सुमारे तेरा लाख एकर भूमी अरण्य म्हणून घोषित झाली. ती निर्जन 'होती' असे नव्हे. ती निर्जन करण्यात आली आणि मग तिच्या निर्जनतेचे संरक्षण सुरू झाले.

रामचंद्र गुहा यांनी १९८९ साली अमेरिकन अरण्यवादावर जी टीका केली, तिचा रोख नेमका येथे होता: तेथील कल्पना उचलून भारतासारख्या दाट वस्तीच्या देशात लावली, तर तिचा भार गरिबांवर पडतो. मेळघाटातील बोरी, कोहा, कुंड या कोरकू गावांच्या स्थलांतराची हकीकत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. गुहांच्या टीकेला मी एवढीच पुस्ती जोडीन की, अरण्याची ही कल्पना अमेरिकेतही निरुपद्रवी नव्हती. तेथील आदिवासींनी तिची किंमत आपल्याआधी मोजली आहे.

मिकोसुकींनी ती गप्प बसून मोजली नाही. वॉशिंग्टन त्यांना स्वतंत्र जमात म्हणून मान्यताच देईना, तेव्हा बफेलो टायगर या त्यांच्या पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ जुलै १९५९ मध्ये थेट हवानाला गेले. नुकत्याच सत्तेवर आलेल्या फिडेल कॅस्ट्रोच्या सरकारने त्यांना सार्वभौम राष्ट्र म्हणून मान्यता दिली! अमेरिकन सरकारची झोप उडाली ती तेव्हा. जानेवारी १९६२ मध्ये त्यांना अधिकृत मान्यता मिळाली. दलदलीतल्या मूठभर लोकांनी महासत्तेला तिच्याच शीतयुद्धाच्या भयाने कसे वाकवले, हा प्रसंग आपल्या अभ्यासवर्गांतून सांगण्याजोगा आहे.

याच दलदलीत, मियामीच्या पश्चिमेस चाळीस-पंचेचाळीस मैलांवर, १९६८ साली जगातील सर्वांत मोठा विमानतळ बांधण्याचे काम सुरू झाले. क्षेत्रफळ ३९ चौरस मैल, धावपट्ट्या सहा, अशी योजना. विकासाचे सगळे पुरोहित मंत्र म्हणू लागले होते. विरोधाला उभे राहिले ते शिकारी, होडीवाले, तंबूवाले, पक्षिनिरीक्षक आणि मिकोसुकी. मिकोसुकींच्या हिरव्या मक्याच्या उत्सवाची पवित्र जागाच या कामात सापडली होती. एव्हरग्लेड्सवर १९४७ साली ग्रंथ लिहिणाऱ्या मार्जरी स्टोनमन डग्लस यांनी वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी 'फ्रेंड्स ऑफ द एव्हरग्लेड्स' ही संघटना याच लढ्यासाठी काढली. जलशास्त्रज्ञ ल्यूना लिओपोल्ड यांच्या १९६९ च्या अहवालाने विमानतळ म्हणजे दक्षिण फ्लोरिडाच्या निसर्गाचा विनाश, असा स्पष्ट निष्कर्ष काढला. १९७० साली निक्सन सरकारला योजना थांबवावी लागली. एकच धावपट्टी बांधून झाली होती, ती तशीच राहिली. १९७४ साली बिग सायप्रस राखीव क्षेत्राचा कायदा झाला, आणि त्यात सेमिनोल व मिकोसुकी यांचा राहण्याचा, शिकारीचा, मासेमारीचा आणि धार्मिक विधींचा परंपरागत हक्क लिहून घेण्यात आला. एव्हरग्लेड्सपेक्षा हे पाऊल पुढचे होते. राहणारा माणूस आणि पाहुणा माणूस एकत्र लढले, तेव्हाच कायद्यात दोघांना जागा मिळाली.

तथापि त्याच कायद्याने जमिनीखालचे खाजगी तेलाचे हक्क तसेच ठेवले आणि तेलविहिरी चालू राहिल्या, हेही सांगितले पाहिजे. आणि दलदलीचा खरा शत्रू तर उत्तरेला बसला होता. १९४८ पासून सरकारी खर्चाने कालवे व बांध बांधून ओकीचोबीच्या दक्षिणेची लक्षावधी एकर भूमी कोरडी करण्यात आली. क्यूबाच्या क्रांतीनंतर अमेरिकेने तेथील साखर बंद केली, तेव्हा या जमिनीवर उसाचे साम्राज्य उभे राहिले. तो ऊस तोडायला जमैका व इतर कॅरिबियन बेटांवरून हंगामी परवान्यावर हजारो मजूर आणले जात. नव्वदीच्या दशकात यंत्रे येईपर्यंत हे चालले. मजूर बराकीत राहत, हंगाम संपला की परत पाठवले जात, तक्रार केली की त्याआधीच. फडाशेजारच्या कोपीत सहा महिने काढणाऱ्या आपल्या ऊसतोड कामगाराच्या जिण्याला कोणी 'आदिम मुक्काम' म्हणून तिकीट लावलेले नाही. तेथेही लावले नव्हते.

या पार्श्वभूमीवर २०२५ सालच्या उन्हाळ्यात काय झाले ते पाहावे. १९७० साली थांबवलेल्या त्या विमानतळाची धावपट्टी मियामी-डेड काउंटीच्या मालकीची. फ्लोरिडाचे गव्हर्नर डीसँटिस यांनी स्थलांतरितांच्या नावाने २०२३ पासून लावलेल्या आणीबाणीच्या अधिकारात ती ताब्यात घेतली आणि आठवड्याभरात तेथे काही हजार माणसांना डांबण्याची छावणी उभी केली. तंबू, त्यांत जाळीचे पिंजरे, पिंजऱ्यांत दुमजली खाटा. १ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प स्वतः पाहणीला आले. छावणीचे नाव 'ॲलिगेटर अल्काट्राझ' ठेवण्यात आले, आणि राज्यातील रिपब्लिकन पक्षाने त्या नावाचे सदरे व टोप्या विकायला काढल्या. माणसे कोंडण्याच्या जागेची स्मरणवस्तू! वर्षाला ४५ कोटी डॉलर खर्चाचा अंदाज होता.

जुलैत शहाणा प्रवासी या दलदलीत तंबू ठोकत नाही. पाऊस, उष्मा, वादळे आणि डासांचे ढग, असा तो मोसम. त्याच मोसमात ही माणसे तेथे ठेवली गेली. तंबूत पाणी शिरले, दिवे रात्रंदिवस जळत राहिले, डासांनी जीव नकोसा केला, अन्नात किडे निघाले, वकिलांना भेटू दिले नाही, अशा तक्रारी कैद्यांनी व त्यांच्या वकिलांनी केल्या. राज्य सरकारने त्या नाकारल्या. या माणसांपैकी अनेकांवर कोणताही फौजदारी गुन्हा शाबीत झालेला नव्हता. मैलभर पलीकडे डासही तेच, चिखलही तोच. त्याला तेथे निसर्गानुभव म्हणतात.

जागा निवडण्याचे कारण राज्याचे ॲटर्नी जनरल उथमायर यांनी चित्रफीत काढून सांगितले होते. कुंपणावर फार खर्च नको, सुटला तरी बाहेर मगरी आणि अजगरच आहेत, जायला जागा नाही, लपायला जागा नाही, असा त्याचा मथितार्थ. (हे अजगर मुळात पाळण्यासाठी आयात केलेल्या बर्मी अजगरांची प्रजा. तेही बाहेरूनच आलेले!) लपायला जागा नाही, हे ज्या भूमीबद्दल म्हटले गेले, तेथे एक अख्खी जमात लपून वाचली आहे. आणि तेथे मगरींखेरीज कोणी नाही, असे ज्या जागेबद्दल भासवले गेले, तिच्या तीन मैलांच्या आत मिकोसुकींच्या दहा वस्त्या आहेत, असे त्यांनी न्यायालयात सांगितले. अरण्याच्या व्याख्येने प्रवाशाच्या मनात जी निर्जन भूमीची प्रतिमा रुजवली, तीच पोलिसी राज्याने उचलली. निर्जन म्हटले की साक्षीदार नाही, शेजारी नाही, विचारणारा नाही.

विचारणारे निघाले, ते पुन्हा तेच. फ्रेंड्स ऑफ द एव्हरग्लेड्स आणि आणखी एका निसर्गसंस्थेने दावा लावला, मिकोसुकी जमात त्यात सामील झाली. बिग सायप्रसला २०१६ साली अंधाऱ्या आकाशाचे आंतरराष्ट्रीय क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली होती. त्या आकाशात छावणीच्या दिव्यांचा उजेड मैलोगणती दिसू लागला, सुमारे वीस एकरांवर नवे डांबर पसरले, आणि हे सारे पर्यावरणीय परिणामांची तपासणी न करता. ही तपासणी सक्तीची करणारा कायदा १ जानेवारी १९७० चा. जो वादंग त्याच्या जन्माला कारण झाला, त्यात याच विमानतळाचा वाद ठळक होता. २१ ऑगस्ट २०२५ रोजी जिल्हा न्यायाधीश कॅथलीन विल्यम्स यांनी छावणी साठ दिवसांत आवरती घेण्याचा आदेश दिला. ४ सप्टेंबरला वरिष्ठ न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी त्याला स्थगिती दिली. कारण काय, तर छावणीवर केंद्राचा पैसा खर्च झालेला नाही, म्हणून केंद्राचा कायदा लागू नाही. त्यानंतर महिनाभराच्या आतबाहेर केंद्राने याच प्रकारच्या खर्चापोटी फ्लोरिडाला ६० कोटी ८० लाख डॉलर मंजूर केले. न्यायाच्या अंधत्वाची इतकी सोयीस्कर तारीखवार नोंद क्वचितच सापडते.

निसर्गवादी मित्रांना येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. दाव्यात प्यूमाच्या जातीचा फ्लोरिडा पँथर होता, वटवाघूळ होते, पाणथळ होती; पिंजऱ्यातला माणूस त्या कायद्याच्या चौकटीत बसत नव्हता, त्याला वेगळे दावे लावावे लागले. वकिलांनी हाती असलेले हत्यार वापरले, त्यांचा दोष नाही. परंतु डांबराखाली गेलेल्या वीस एकरांसाठी ज्याचा जीव तुटतो आणि त्या डांबरावरच्या पिंजऱ्यातील माणसासाठी तुटत नाही, त्याचे निसर्गप्रेम मला संशयास्पद वाटते. उलट आपल्यातील जे केवळ पिंजरा पाहतात आणि दलदल म्हणजे ओसाड पाणी समजतात, तेही सरकारच्याच नकाशावर बोट ठेवून बोलत असतात. मिकोसुकींची भूमिका या दोघांहून सरळ होती: हे आमचे घर आहे, येथे तुरुंग नको.

त्या सरळपणाची किंमतही त्यांना मोजावी लागली. टॅमियामी ट्रेलच्या काठी, उद्यानाच्या हद्दीत ओसिओला कॅम्प नावाची मिकोसुकींची एक छोटी वस्ती आहे. १९९८ च्या कायद्याने मिकोसुकींना जो राखीव पट्टा मिळाला, त्यात ती आली नव्हती. तिला त्यात घ्यावे आणि पुरापासून तेथील घरांचे रक्षण करावे, असे विधेयक २०२५ साली काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. मांडणारा प्रतिनिधी राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचा होता. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस ट्रम्प यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. कारणे दिली ती अशी की, ही वस्ती मुळात परवानगीवाचून वसलेली आहे, तिच्यावर सरकारी पैसा का खर्चावा. आणि ही जमात आपल्या स्थलांतरविषयक धोरणाला आडवी येते. जानेवारी २०२६ मध्ये प्रतिनिधिगृहात नकाराधिकार मोडून काढण्याचा ठराव आला, त्याला दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत. ओसिओला कॅम्पमधील माणसे पावसाळ्यात पाण्याकडे डोळे लावून तेथेच राहत आहेत.